माझ्या नावावरची सात चित्रं

ज्यांना पहिल्यांदा डायलिसिसवर जायचं आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहायला घेतलं. मानेत नळी घालतात तेव्हा काय होतं, मशीनवरचे चार तास कसे जातात, मोजून पाणी प्यायचं म्हणजे काय, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी थोडी कमी घाबरले असते. पण तेवढंच लिहून थांबले तर आजारपणाची अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. उरलेल्या अर्ध्याची मला लाज वाटते. तरी सांगते.

मी रिसोडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, निवृत्त झाले आणि दोन गोष्टी एकदमच सुरू झाल्या. गुडघे दुखायला लागले, आणि वानखडे सरांचा रविवारचा जलरंगाचा वर्ग मिळाला.

गोळ्या

औषधाच्या दुकानातून एकदा दुखण्याची गोळी आणली. बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात परत आणली. मग सकाळी एक, संध्याकाळी एक असं ठरूनच गेलं. रविवारी वर्गात दोन-अडीच तास बसायचं असे, त्या दिवशी जास्तीची. डॉक्टरला विचारलं नाही. घरी सांगितलं नाही. पाकिटं पर्समध्ये, रुमालाच्या घडीखाली ठेवायची. लपवते आहे म्हणजे चुकतं आहे, हे मला कळत होतं. शाळेत पोरांना हेच तर शिकवलं होतं.

दीड वर्ष असं गेलं. मग पाय सुजले. सकाळी चेहराही सुजलेला दिसायचा. फोडणीचा वास आला की ओकारी यायची. आमचे हे म्हणायचे, "पित्त झालं असंन." मीही म्हणायचे, पित्तच.

एका मंगळवारी उठताच आलं नाही. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही वाशिमला गेलो. रक्त तपासलं, लघवी तपासली. दुपारी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील.

"दुखण्याच्या गोळ्या घेता का मॅडम?"

"कधीमधी."

त्यांनी रिपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कधीमधीनं असं होत नाही."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी आधार कार्ड मागितलं. यांनी माझ्या मांडीवरची पर्स उचलली, आत हात घातला आणि रुमालासकट पाकिटं बाहेर आली. चार होती. तीन रिकामी. यांनी ती टेबलावर एकेक करून ठेवली. डॉक्टरीणबाई नुसत्या नावं वाचून लिहीत गेल्या. मला वाटलं, कुणीतरी रागवावं. वर्गात कॉपी धरली की मी पोराला उभं करायची आणि त्याची चिठ्ठी अशीच टेबलावर ठेवायची.

दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. मशीन आजच लावावी लागेल म्हणाल्या.

"कायमची?" मी विचारलं.

"आत्ता नाही सांगता येत. तुमच्यासारख्या काही जणांची किडनी दोन-तीन महिन्यांत परत कामाला लागते. काहींची नाही लागत."

बाहेरच्या बाकावर हे एवढंच म्हणाले, "मले सांगता नाही आलं तुले? मी का परका होतो?"

मंगळवार आणि शुक्रवार

मानेत नळी घालतात तेव्हा तोंडावर हिरवं कापड टाकतात. सुई टोचून जागा बधिर करतात, त्यामुळे दुखतं कमी, पण दाबलेलं कळतं आणि भीती फार वाटते. नवीन माणसाला माझं सांगणं एवढंच, की कापडाखाली डोळे उघडे ठेवा. मिटले की जास्त भीती वाटते.

नळी मानेतच राहते. वरून पट्टी. डोक्यावरून अंघोळ नाही. मी पदर घट्ट गुंडाळून बसमध्ये बसायची. "गळ्याले काय झालं बाई?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "गाठ होती, काढली." खोटं बोलायला मला आता अडखळायला होत नव्हतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी रिसोडहून वाशिम. गेल्यावर आधी वजन. दोन दिवसांत किती पाणी साठलं ते काट्यावर उघडं पडतं. मग पलंग. मशीन सुरू झाली की अंगात थंडी भरते, म्हणून घरून जाड चादर न्यावी. तिसऱ्या तासाला पायात गोळे येतात, ते आधी सांगितलेलं बरं. सिस्टर मशीनचा वेग कमी करतात. आणि मशीन टुंगटुंग वाजली म्हणजे आपण मेलो असं नव्हे. पहिल्या दिवशी मी तसंच समजले होते आणि यांचा हात इतका आवळला की त्यांच्या मनगटावर नखं उमटली.

या सगळ्यात हे स्वयंपाक शिकले. मिठाशिवायची भाजी. भाजी बरी व्हायची नाही, पण ते स्वतःही तीच खायचे. मी म्हटलं, तुम्ही मीठ घाला. "राहू दे," म्हणायचे. गोळ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फक्त ते माझ्या पर्सला हात लावायचे नाहीत. काही हवं असलं तर पर्स माझ्यापुढे आणून ठेवायचे आणि बाजूला उभे राहायचे.

सगळ्यात वाईट तहान. दिवसाचं पाणी एका लहान बाटलीत भरून ठेवायचं आणि तेवढंच. तहानेवरचा उपाय मला डॉक्टरांनी नाही, शेजारच्या पलंगावरच्या जमनाबाईनं सांगितला.

"तोंडात लवंग धरा बाई. चावू नका. नुसती धरा. पान्यावरचं ध्यान हटते थोडं."

जमनाबाई

जमनाबाई राठोड मानोऱ्याच्या पलीकडच्या एका तांड्यावरची. वय चाळीसच्या आसपास, उंच, हाडापेरानं मोठी, पण अंगावर मांस उरलेलं नाही. पूर्वी दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. आता तीन वर्षं मशीनवर होती. नवरा अजून जातो. ती तांड्यावर नणंदेकडे राहते. पहाटे जीप, मग मंगरूळपीरवरून बस, आणि वाशिमला माझ्याआधी हजर. तिच्या डाव्या हाताची शीर छोटं ऑपरेशन करून मोठी केली होती, त्यात दोन सुया लागायच्या. उजवा हात मोकळा.

तिच्या किडन्या परत येणार नव्हत्या. ते तिला माहीत होतं, आणि ती ते बाजारातला भाव सांगावा तसं सांगायची. "मायं तं जलमाचं हाय. तुमचं तसं नाही, तुमी नव्या हा."

माझा पलंग खिडकीजवळ होता. खिडकीतून दवाखान्याच्या मागची बाजू दिसे: कठड्यावर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी, पाण्याची टाकी, एक लिंबाचं झाड. जमनाबाई मान वळवून माझ्यावरून त्या खिडकीकडे पाहत राहायची.

वर्गाचा नियम

वानखडे सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. एका शाळेची खोली रविवारी सकाळी त्यांना मिळते. आम्ही अकरा जण होतो. त्यात एक एसटीचे कंडक्टर, एक कापडवाले, बाकी बहुतेक आम्ही शिक्षक आणि गृहिणी. नियम एकच: आठवड्याला एक चित्र. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, रविवारी मूळ चित्र टेबलावर मांडायचं, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या चित्राबद्दल एक तरी खरं वाक्य बोलायचं.

माझी चित्रं नीट असायची. आधी पेन्सिलीनं रेघा, मग रेघांच्या आत रंग. सर दर वेळी म्हणायचे, "लताताई, कागद ओला करा आणि जरा थांबा. पाण्यालाही काही काम करू द्या." मला ते जमत नसे. रंग रेघेबाहेर गेला की मी कापसानं टिपून घ्यायची.

आजारी पडल्यावर किडनीचं आहे एवढं ग्रुपवर कळवलं. गोळ्यांचं नाही. सरांचा फोन आला. "सुटी नाही हां. जमेल तेवढं काढा, बोटाएवढं काढा, पण शनिवारी टाका. त्यानं माणूस उभा राहतो."

तिसऱ्या आठवड्यात मी रंगांचा डबा आणि जाड कागद घेऊन वाशिमला गेले. पलंग वर करून घेतला, मांडीवर पाटी ठेवली, औषधाच्या रिकाम्या वाटीत पाणी घेतलं. लिंबाचं झाड काढायला घेतलं. हात इतका थरथरत होता की खोड तीन जागी मोडलं. मी कागद फाडला. रडायला आलं.

जमनाबाई पाहत होती. "मी पाहू का करून?" तिनं विचारलं.

मी पाटीसकट सगळं तिच्याकडे देऊन टाकलं. तिनं काही चित्र काढावं म्हणून नाही. माझ्यासमोरून ते जावं म्हणून.

तिनं वाटीतल्या पाण्याकडे पाहिलं आणि हसली. "याले प्याले पानी हाय, मले नाही." मग ब्रश बुचकळून तिनं आधी सगळ्या कागदावर नुसतं पाणीच फिरवलं. रंग कुठला घेऊ असं विचारलं नाही. हिरवा टेकवला, तो पसरत गेला तसं त्याच्याकडे पाहत बसली. मग कडेनं थोडा काळा. तासाभरानं कागदावर त्या कठड्यावरच्या चादरी होत्या. ओल्या, जड, खालून निथळणाऱ्या. एकही रेघ नव्हती. माझ्या सगळ्या वह्यांत तसं एकही चित्र नव्हतं.

"कुठं शिकलात?" मी विचारलं.

"कायले शिकू? घराले पोतारा देते तसं देल्लं." भिंत सारवावी तसा रंग दिला, एवढंच तिचं म्हणणं.

चित्र वाळल्यावर तिनं ते मला परत केलं. कागद माझा होता म्हणून.

धन्यवाद

त्या शनिवारी ग्रुपवर एकेक चित्र येत होतं. कुणाचा तलाव, कुणाचं झेंडूचं ताट. माझ्या नावापुढे दोन आठवडे काहीच नव्हतं. मी चादरींच्या चित्राचा फोटो काढला आणि टाकला. खाली काही लिहिलं नाही. मी खोटं लिहिलं नाही, असं मला स्वतःला सांगता यावं म्हणून लिहिलं नाही.

पाच मिनिटांत सरांचा निरोप आला. "लताताई! हे तुमच्या हातून? शेवटी पाण्याला काम करू दिलंत. चादरी ओल्या आहेत हे बोट लावून पाहावंसं वाटतं."

मग सगळ्यांचे. कंडक्टरसाहेबांनी लिहिलं, दुखण्यानं माणसाचा हात खुलतो ते आज पाहिलं.

खरं लिहायला तेव्हा एक ओळ पुरली असती. 'हे माझ्या शेजारच्या पेशंटनं काढलंय.' मी ती ओळ मनात दोनदा जुळवलीही. मग "धन्यवाद" असं लिहिलं आणि फोन उलटा ठेवला.

पुढच्या मंगळवारी मी न विचारता पाटी जमनाबाईच्या मांडीवर ठेवली.

असं सात आठवडे चाललं. सात चित्रं. स्टीलचा उपडा पेला. पाण्याची टाकी. पलंगाखालच्या दोघींच्या चपला. शेवटच्या चित्रात सिस्टर पाठमोऱ्या उभ्या होत्या. चेहरा नाही, तरी त्या दमल्या आहेत हे कळायचं. रविवारी आमचे हे मूळ चित्र वर्गात नेऊन द्यायचे, कारण माझी ताकद नव्हती. लोकांनी काय काय म्हटलं ते येऊन सांगायचे. ते ऐकताना मला आतून बरं वाटायचं, हे लिहायलाच हवं. नुसतं अपराधी वाटलं असतं तर मी थांबले असते. मला खरंच बरं वाटायचं. जणू ती मीच काढलेली.

एकदा जमनाबाईनं विचारलं, "हे कागदं कुठी नेता बाई?"

"आमच्या वर्गात दाखवते. रिसोडले."

"मंग काय म्हनतेत?"

"छान म्हणतात. लई छान म्हणतात."

ती मशीनकडे पाहत म्हणाली, "मायं नाव सांगता का त्याईले?"

"हो," मी म्हटलं. "सांगते ना."

तिचा चेहरा असा उजळला की मला खिडकीकडे तोंड करावं लागलं. पुढच्या खेपेला ती सांगत होती, नणंदेला सांगितलं, नणंदेनं शेजारणीला. जमनाचं नाव रिसोडच्या मास्तरलोकांत घेतात, असं तांड्यावर झालं होतं.

बरी झाले

नंतर लघवी वाढायला लागली. हे आधी पटतच नाही. मी घरी मोजायचं भांडं दोनदा तपासलं. किडनीचं काम कळतं ते रक्तातलं क्रिएटिनीन उतरलं, तसं डॉक्टरीणबाई आठवड्याला एकच डायलिसिस, मग बघू म्हणाल्या, आणि मग एका शुक्रवारी त्यांनी सांगितलं, आज नळी काढू.

सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. हे दारात उभे होते.

जमनाबाई मशीनवर होती. म्हणाली, "मले ठाव होतं तुमी जासान म्हून. तुमचा कलर पालटला होता." मग पाटीकडे बोट दाखवलं. "आता रंग घरी नेता?"

डबा तिथेच ठेवायचं माझ्या मनात आलं. पण रविवारी वर्गात मी स्वतः जाणार होते. लोक म्हणणार, ताई, काढून दाखवा. तो डबा माझ्याजवळ असायला हवा होता. मी म्हटलं, "तुमच्यासाठी नवा घेऊन येते. पुढच्याच आठवड्यात."

"आना मंग," ती म्हणाली.

मी गेले नाही. पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचाही. अंगात ताकद नाही असं मी घरी सांगितलं. मात्र रविवारच्या वर्गाला जाण्याइतकी होती. तिथे हात अजून थरथरतो असं सांगून ब्रश न उचलता नुसती बसून यायची.

रिकामा कागद

दोन महिन्यांनी वर्गाचं प्रदर्शन ठरलं. सरांनी सांगितलं की मधली भिंत लताताईंच्या आजारपणातल्या सात चित्रांची. नावाच्या पट्ट्याही छापून आल्या. आणि त्याआधीच्या रविवारी, सगळ्यांनी खुर्च्या गोल लावल्या, सरांनी ओला केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. "आज ताई काढतील आणि आपण बघू."

मी ब्रश उचलला. कागदावर पाणी चमकत होतं. दहा माणसं आवाज न करता पाहत होती. मी हिरवा रंग टेकवला, तो पसरायला लागला, आणि माझ्या हातानं कापूस उचलून तो टिपून घेतला. हातानं आपोआप केलं ते.

"हात थरथरतोय अजून," मी म्हणाले.

"काही हरकत नाही," सर म्हणाले. पण ते कागदाकडे पाहत होते, हाताकडे नाही. माझा हात मुळीच थरथरत नव्हता.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. यांना चित्रं माझी नाहीत हे अर्धंमुर्धं कळलंच असावं, कारण ते दचकले नाहीत. म्हणाले, "मंग आता कायले बोंबलत बसायचं? कोनाले काय कळते? ते बाई कुठं येते रिसोडले पाहाले?"

गेले चार महिने मी मनात हेच म्हणत होते. शब्द न् शब्द हेच. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर मला शिसारी आली. यांची नाही. त्यांनी तर माझी बाजू घ्यायची म्हणून म्हटलं होतं. जमनाबाई रिसोडला येणार नाही, तिला वाचता येत नाही, तिच्याकडे तसला फोन नाही, आणि आठवड्याचे दोन दिवस ती मशीनला बांधलेली आहे, या सगळ्याचा मी हिशेब धरला होता. ती माणूस म्हणून लहान आहे असं मी कधी बोलले नसते. वागले मात्र तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या घरी गेले. ते अंगणात पेपर वाचत होते. बसायच्या आधीच बोलले, नाहीतर बोलले नसते.

सरांनी पेपरची घडी घातली. "मला काल कळलं," ते म्हणाले. "खरं सांगू? त्याच्या आधीही शंका होती. पहिल्या चित्रालाच आली होती. पण मी म्हटलं, आजारी बाई आहे, कशाला विचारा. आणि चित्र इतकं चांगलं होतं की मला ते आपल्या वर्गातलं असावंसं वाटलं. चूक माझीही आहे."

"तुमची नाही सर."

"पट्ट्या बदलता येतात, त्याला काय. ग्रुपवर तुम्ही लिहा. आणि त्या बाईंना तुम्हीच जाऊन सांगा. माझ्याबरोबर नाही, यजमानांबरोबर नाही. एकट्या."

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. गोळ्यांचंही. मग कंडक्टरसाहेबांनी नुसतं विचारलं, "त्या बाईंचं पूर्ण नाव काय?" मला ते माहीत नव्हतं. तीन महिने शेजारी झोपले होते.

वाशिम

शुक्रवारी गेले. नव्या रंगांचा डबा, कागद, ब्रश असं घेऊन. माझ्या जुन्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते. जमनाबाई आधी हसली. "या बाई! चेहरा तं भरला तुमचा."

मी उभ्यानंच सांगितलं. चित्रं माझी म्हणून दाखवली. तुमचं नाव सांगते म्हटलं ते खोटं होतं.

मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. ती दोन्ही करेना. सुया टोचलेला हात तसाच ठेवून छताकडे पाहत राहिली. मशीन चालू होती. मी रंगांचा डबा टेबलावर ठेवला, तो तिनं पाहिलाही नाही.

मग म्हणाली, "कागदं तुमचेच होते बाई. रंग तुमचा. चित्रं न्या म्हटलं असतं तं मी देल्ले असते. नाही म्हटलं नसतं मी." थांबली. "पर मी इचारलं होतं तुमाले. तोंडानं इचारलं होतं. तवा काहून हो म्हटलं?"

"लाज वाटली."

"अन् मी तांड्यात सांगतलं त्याचं काय? सारे म्हनतेत, जमनीचं नाव निंगालं. आता त्याईले काय सांगू मी? बाई खोटं बोलली म्हून सांगू?"

"आता लावणार आहेत तुमचं नाव. प्रदर्शनात. सगळ्या सात चित्रांखाली."

तिनं डोळे मिटले. मी जायला वळले तेव्हा मागून म्हणाली, "बराबर ल्याहा मंग. जमना परसराम राठोड. परसराम माया बापाचं नाव नाही, नवऱ्याचं हाय. चुकू नका."

प्रदर्शनाला तिला न्यायला गाडी पाठवतो असं सरांनी निरोप देऊन कळवलं. ती आली नाही. मधल्या भिंतीवर तिचं नाव होतं. माझं एक चित्र कोपऱ्यात होतं, रेघांचं. दोन-तीन जणी माझ्याशी बोलल्या नाहीत. एक जण फार गोड बोलली, ते जास्त लागलं. प्रदर्शनाचे तिन्ही दिवस मी दाराशी बसले, कारण येणाऱ्यानं या राठोडबाई कोण असं विचारलं तर सांगायला कुणीतरी हवं होतं. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं, त्या कोण आणि मी काय केलं.

प्रदर्शन उतरल्यावर सातही चित्रं खालच्या पट्ट्यांसकट पुठ्ठ्यात घालून मी वाशिमला नेली. मंगळवार होता. तिच्या पायांवरच्या चादरीवर ती एकाशेजारी एक मांडली.

"ही तुमची. आणि हे खाली तुमचं नाव," मी म्हटलं. "वाचून दाखवते."

"तुमी नका वाचू," ती म्हणाली.

तिनं मान वर करून हाक मारली. "सिस्टर, जरा इकडं या. हे काय लिवलं ते वाचा बरं."

सिस्टर आल्या. "जमना परसराम राठोड," त्यांनी वाचलं.

"पुढचं?"

"जमना परसराम राठोड."

सातही वाचून घेतली. शेवटचं झाल्यावर विचारलं, "खाली अजून कोनाचं नाव हाय का? बारीक?"

"नाही हो. तुमचंच आहे."

"बरं."

मग तिनं उजव्या हातानं चादरींचं चित्र उचललं आणि खिडकीजवळच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यांपुढे धरलं. "हे पाहा बाबा. मी काढेल हाय. घरी न्यान आज, तांड्यात दाखवाले." ते चष्मा शोधायला लागले. ती हात लांब करून थांबली.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बसा, असं ती म्हणाली नाही. मीही बसले नाही.